बिल्टीवरची एक ओळ : हुंडेकऱ्यापासून ट्रान्सपोर्टपर्यंत

रमजानच्या आधी आमच्याकडे घराची झाडलोट होते. या वेळी माळ्यावरून अब्बांची पत्र्याची पेटी खाली काढली. अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली, पण ती पेटी उघडायचं धाडस कुणी केलं नव्हतं. आत एक जुना लायसन्सचा फोटो, ताडपत्री शिवायचा दाभण, पान्यांचा जोड आणि सुतळीने बांधलेला बिल्ट्यांचा गठ्ठा होता. गुलाबी, पिवळे, विटलेले कागद. पाठवणाराचं नाव, घेणाराचं नाव, नग, वजन, भाडं, ॲडव्हान्स, बाकी. खाली कोपऱ्यात अब्बांची उर्दूतली सही. मराठी त्यांना बोलता यायची, वाचताही यायची, पण सही कायम उर्दूत.

प्रत्येक बिल्टीवर एक ओळ छापलेली होती : ‘माल मालकाच्या जोखमीवर.’

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. शब्द दिसला की त्याचा माग काढायची खोड आहे. ही ओळ वाचली आणि मनात प्रश्न आला, की ही जोखीम खरोखर मालकाची होती का? कारण आमच्या घराला जी जोखीम ठाऊक आहे, ती माल पाठवणाऱ्या मालकाच्या वाट्याला कधीच आली नाही. ती अब्बांच्या वाट्याला आली. त्यांच्यानंतर माझ्या मोठ्या भावाच्या वाट्याला आली. त्याची गोष्ट पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास.

दहा हजार बैलांचा तांडा

ट्रक येण्याच्या कितीतरी आधी या देशात धान्य, मीठ आणि कापूस शेकडो कोस जात होता. तो नेणारे होते बंजारे, आपल्याकडचे लमाण. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. बंजाऱ्यांमध्ये मुसलमानही होते. मुलतानी आणि मुकेरी बंजारे हे त्यातले. मोगलांच्या फौजा असोत, मराठ्यांच्या असोत की १८०३ साली दख्खनमध्ये उतरलेल्या आर्थर वेलस्लीच्या असोत, सैन्याला धान्य पुरवायला तांडेच लागायचे.

वर्गात मी मुलांकडून एक हिशोब करून घेतो. एका बैलाच्या पाठीवर साधारण सव्वाशे किलो माल. दहा हजार बैल म्हणजे १,२५० टन. आज दहा चाकी ट्रकमध्ये कायद्याने अठरा-एकोणीस टन माल बसतो. म्हणजे डोळ्यांत न मावणारा तो तांडा आजच्या सत्तर ट्रकांच्या आत संपतो. मुलांना गंमत वाटते.

पण बंजाऱ्याची खरी युक्ती आकड्यात नव्हती, चाऱ्यात होती. बैल वाटेत चरत चालायचे. इंधनाचा खर्च जवळजवळ शून्य. म्हणून चाल मंद असली तरी भाडं परवडायचं. धोकाही तिथेच होता. पाऊस दडी मारायचा त्या वर्षी धान्याची गरज सर्वांत जास्त, आणि त्याच वर्षी वाटेवर चारा-पाणी नाही. म्हणजे ज्या कारणाने धंदा वाढायचा, त्याच कारणाने गाडा अडायचा. डिझेलचे भाव चढले की बाजार तेजीत असूनही ट्रकवाला डोक्याला हात लावून बसतो, तेव्हा मला बंजाऱ्याचे बैल आठवतात.

हुंडेकरी कोण होता?

बंजारा बऱ्याचदा स्वतः व्यापारीही असायचा. माल विकत घेऊन तो दुसरीकडे विकायचा. दुसऱ्याचा माल ठरलेल्या ठिकाणी पोचवून द्यायचा हा वेगळा धंदा, आणि त्याला मराठीत फार सुंदर शब्द आहे : हुंडेकरी. आमच्या नगरमध्ये (आता अहिल्यानगर) हे आडनाव आजही आहे, मुसलमानांमध्येही आहे. पण आडनावामागचा धंदा काय होता, हे विचारलं तर फार थोडे लोक सांगू शकतात.

हुंडा म्हणजे ठोक रक्कम, उक्तं. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात ‘हुंडाभाडं’ या शब्दाचा अर्थ दिला आहे, तो ध्यानात घेण्यासारखा आहे. नुसतं वाहून न्यायचं भाडं म्हणजे हुंडाभाडं नव्हे. मालाची वाहतूक, वाटेतल्या सगळ्या जकाती आणि मालाच्या सुरक्षिततेची हमी, या तिन्हींचा मिळून एक ठोक सौदा म्हणजे हुंडाभाडं. असा सौदा करणारा तो हुंडेकरी.

याचं महत्त्व कळायचं तर त्या काळची वाट डोळ्यांपुढे आणा. मुलूख वेगवेगळ्या सरदारांचा, जहागीरदारांचा. प्रत्येकाचा नाका, प्रत्येकाची वसुली. मोगल काळात तर ‘राहदारी’, म्हणजे वाटेने जाण्याबद्दलचा कर, रद्द केल्याची फर्मानं निघाली, तरी खालचे अंमलदार तो वसूल करतच राहिले, असं त्या काळच्या तवारिखांत नमूद आहे. अशा वाटेवर एकटा व्यापारी माल घेऊन निघाला तर नफा नाक्यानाक्यावर गळून जायचा. हुंडेकऱ्याला मात्र प्रत्येक नाका माहीत, नाकेदार माहीत, कुठे किती द्यायचं आणि कुठल्या घाटाने गेलं तर काय वाचतं हे माहीत. तो व्यापाऱ्याला एकच आकडा सांगायचा. वाटेत खर्च कमी आला तर फायदा त्याचा, जास्त आला तर तोटाही त्याचाच.

म्हणजे हुंडेकरी बैल भाड्याने देत नव्हता, तो जोखीम विकत घेत होता. हीच त्याची हिकमत आणि हेच त्याचं भांडवल.

इथे आणखी एका शब्दाबद्दल बोलायला हवं. एकदा सहावीतल्या एका मुलीने मला विचारलं, “सर, जकात नाक्यावर गरिबांना पैसे वाटायचे का?” वर्ग हसला, पण प्रश्न बावळटपणाचा नव्हता. घरात तिने ‘जकात’ ऐकली होती ती इस्लामच्या पाच अरकानांपैकी एक, आपल्या मालातला गरिबांचा हक्क. आणि मराठीच्या पुस्तकात भेटली ती नाक्यावरची. दोन्ही शब्द एकच. अरबीतून फारसीत, फारसीतून दख्खनच्या दफ्तरात येता येता ज्याचा मूळ अर्थ शुद्ध होणं, वाढणं असा आहे, तो शब्द मालावरच्या करासाठी रूढ झाला. मालवाहतुकीच्या मराठीत असे आपल्या ओळखीचे पाहुणे पुष्कळ आहेत : हमाल, दलाल, बारदान, मुक्काम, रवाना. हे शब्द कुणी कुणावर लादले नाहीत. एका वाटेवर चालणाऱ्या माणसांनी ते एकमेकांकडून उचलले.

घाट फुटला, रेल्वे आली

१८२५च्या सुमारास विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईकडे आणायला सुरुवात केली. त्याआधी तो कापूस बैलांवर लादून दूर उत्तरेला मिर्झापूरकडे जायचा. मुंबईची वाट जवळची असली तरी मधे सह्याद्री होता. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. पाठीवर गोणी घेऊन उतरणाऱ्या बैलांच्या जागी गाड्या उतरू लागल्या. तोच बैल गाडीला जुंपला की पाठीवरच्यापेक्षा कितीतरी जास्त माल ओढतो. पुढे १८३८ साली कंपनी सरकारने मुंबई इलाख्यातली वाटेवरची जकात उठवली.

वाचताना ही आनंदाची बातमी वाटते. व्यापाऱ्याला ती होतीच. पण हुंडेकऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. नाके गेले म्हणजे नाक्यांची माहितीही निरुपयोगी झाली. ज्या ज्ञानावर त्याचं घर चालायचं, ते एका कायद्याने कवडीमोल झालं. वाट सोपी झाली की वाटाड्याची किंमत उतरते.

मग रेल्वे आली. १८५३ साली मुंबई-ठाणे, १८६३ साली बोरघाट, १८६५ साली थळघाट. आमच्या नगरला दौंड-मनमाड फाट्यावर १८७८ साली गाडी आली. लांब पल्ल्याचा माल रेल्वेने ओढून नेला. बंजाऱ्यांचे तांडे मोडले. पुढे इंग्रजांनी त्यांच्यातल्या कितीतरी गटांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला, हा त्या कहाणीचा सर्वांत काळा भाग. ज्यांनी शतकानुशतकं देशाचं धान्य वाहिलं, त्यांना पोलिसात हजेरी लावायची वेळ आली. बैलगाडीवाले मात्र टिकले, कारण रेल्वे स्टेशनपर्यंतच येते. स्टेशनापासून पेठेपर्यंत आणि खेड्यापासून स्टेशनापर्यंत गाडीच लागायची.

याच काळात, १८६५ साली, मालवाहकांसाठी कायदा झाला. वाहकाने किंवा त्याच्या माणसांनी निष्काळजीपणा केला तर नुकसानीची जबाबदारी वाहकाची, हे त्यात मान्य केलं होतं. हा कायदा दीडशे वर्षांच्या आसपास टिकला. २००७ साली त्याच्या जागी नवा कायदा मंजूर झाला आणि तो २०११ मध्ये लागू झाला. ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलं म्हणून वाहक निष्काळजीपणातून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं आहे. अब्बांच्या बिल्टीवरची ती ओळ कायद्यापुढे वाटते तेवढी भक्कम नव्हती. पण अब्बांना हे सांगणारं कुणी नव्हतं.

लॉरी आणि लायसन्सराज

पहिल्या महायुद्धानंतर फौजेच्या वापरलेल्या लॉऱ्या बाजारात आल्या आणि रस्त्यावर मोटारीने माल जाऊ लागला. रस्ते कच्चे, पूल थोडे. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. रस्ते ही एकट्या प्रांताची नव्हे तर सगळ्या देशाची जबाबदारी आहे, असं तिने मांडलं. तिच्या शिफारशीतून पेट्रोलवरच्या जादा कराचा रस्ते निधी उभा राहिला.

पण १९२९ नंतरच्या मंदीत रेल्वेचं उत्पन्न घसरलं आणि सरकारला लॉरी डोळ्यांत खुपू लागली. रेल्वेत सरकारचा पैसा अडकलेला होता. १९३३ साली मिचेल आणि कर्कनेस यांच्या अहवालाने रस्ता आणि रेल्वेच्या स्पर्धेची मोजदाद केली. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने मालट्रकला परमिट सक्तीचं केलं. कुठल्या भागात, कुठल्या मार्गावर गाडी चालवायची, हे आता सरकार ठरवणार होतं. १९४५च्या सुमारास तर लांबच्या पल्ल्याला ट्रकने माल नेण्यावर बंधनं घालणारी तत्त्वं प्रांतांना आखून दिली गेली.

स्वातंत्र्यानंतरही हेच धोरण चालू राहिलं. १९५०-५१ साली देशातल्या मालवाहतुकीचा जवळजवळ नव्वद टक्के वाटा रेल्वेकडे होता. आज चित्र उलटं आहे. दोन तृतीयांशाच्या आसपास माल रस्त्याने जातो. सरकारने रेल्वेला जपलं, तरी बाजाराने ट्रकला निवडलं. याचं कारण हुंडेकऱ्याच्या धंद्यातच सापडतं. व्यापाऱ्याला दारापासून दारापर्यंत सेवा हवी असते. रेल्वेत माल आधी स्टेशनला न्या, वॅगनची वाट पाहा, गेज बदलला की उतरवून पुन्हा चढवा, मग पलीकडून गाडी करा. ट्रक दुकानासमोर उभा राहतो आणि गोदामासमोर रिकामा होतो. त्यात १९५४ साली टाटा-मर्सिडीझ-बेंझचा ट्रक इथेच बनू लागला आणि गावोगावच्या मिस्त्रींना तो उलगडता येऊ लागला. आपल्याकडच्या मुसलमान मिस्त्रींची एक अख्खी पिढी त्या इंजिनावर शिकली. सच्चर समितीने २००६ साली नोंदवलं, की मुसलमान कामगारांचं प्रमाण रस्तेवाहतूक आणि गाड्यांच्या दुरुस्तीत तुलनेने जास्त आहे. आमच्या मोहल्ल्यात ते अहवालाशिवायही दिसतं.

परमिटमुळे काय झालं? परमिट हीच मालमत्ता बनली. १९५९ साली मिनू मसानी यांच्या समितीने या धंद्याची पाहणी केली, तेव्हाही बहुतेक मालकांकडे एकेकच गाडी होती. छोटा माणूस गाडी घ्यायचा, पण परमिटासाठी आणि मालासाठी दुसऱ्याच्या दारात उभा राहायचा. १९७५ साली नॅशनल परमिट आलं, १९८८च्या कायद्याने परमिट मिळणं सोपं केलं. दार उघडलं, आणि ज्याच्याकडे थोडे पैसे आणि स्टेअरिंगवर हात होता तो मालक झाला. अब्बा त्यातलेच एक.

अब्बांची गाडी

अब्बा वयाच्या पंधराव्या वर्षी क्लीनर म्हणून गाडीवर चढले. चाक बदलणं, रस्सा ताणणं, रात्री ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून गप्पा मारणं, ही त्यांची शाळा. १९८९ साली त्यांनी हप्त्याने एक जुनी सहा चाकी गाडी घेतली. त्या दिवशी अम्मीने मोहल्ल्यात शिरकुर्मा वाटला होता. ईद नव्हती, पण आमच्यासाठी होती.

एका गाडीच्या मालकाचं गणित साधं आणि निर्दय असतं. जाताना भरलेली गाडी डिझेल, टोल, भत्ता, हप्ता भागवते. नफा असतो तो येतानाच्या भाड्यात. साखर घेऊन गुजरातेत गेलेली गाडी रिकामी परतली तर सगळी कमाई रस्त्यात सांडते. म्हणून परतीचा माल मिळेपर्यंत अड्ड्यावर नंबर लावून बसायचं. एक दिवस, दोन दिवस, कधी चार. ज्याच्याकडे पन्नास गाड्या आणि चार शहरांत ऑफिसं आहेत, तो फोनवर परतीचा माल लावतो. एक गाडीवाला दलालाच्या तोंडाकडे पाहतो. दलाल सांगेल ते भाडं, कारण उभी गाडीही हप्ता खातेच.

मग तो दुसरी वाट धरतो. भाडं टनावर मिळतं, तर टनच वाढवायचे. जादा माल भरायचा, ॲक्सल तुटला तर नशीब, नाक्यावर पकडलं तर तोडपाणी. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने जादा मालाबद्दल कडक आदेश दिले. २०१८ साली सरकारनेच वजनाची मर्यादा वाढवली. दोन ॲक्सलच्या गाडीचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन, तीन ॲक्सलच्या गाडीचं २५ वरून २८.५ टन. कागदावर ही सवलत होती. पण एका रात्रीत रस्त्यावरच्या गाड्यांची एकूण ताकद वाढली आणि माल मात्र तेवढाच राहिला. गाड्या जास्त, माल कमी, मग भाडं चढणार कुठून? सवलतीतूनही छोट्याचं नुकसान कसं होतं, याचा हा धडा.

अब्बांची गाडी २०१८पर्यंत टिकलीच नाही. १९९५च्या पावसाळ्यात साखरेची पोती घेऊन ते घाटातून उतरत होते. पुढे दरड कोसळली होती, रात्रभर रांगेत उभे. वाऱ्याने ताडपत्रीचा एक कोपरा सुटला. सकाळी वरची पोती भिजलेली. पोचल्यावर ट्रान्सपोर्टवाल्याने भिजलेल्या मालाची किंमत बाकीतून कापली, तीही पुरली नाही म्हणून पुढच्या तीन खेपांतून कापली. दोन हप्ते थकले. तिसऱ्या महिन्यात फायनान्सची माणसं आली आणि गाडी घेऊन गेली. अब्बांनी चावी दिली, केबिनमधली तसबीह काढून खिशात ठेवली आणि घरी येऊन झोपले. कुणाशी भांडले नाहीत. त्यांच्या मते चूक त्यांचीच होती, ताडपत्री त्यांनी बांधली होती.

बिल्टीवर छापलं होतं ‘मालकाच्या जोखमीवर’. साखरेच्या मालकाला पैसे मिळाले. ट्रान्सपोर्टला कमिशन मिळालं. जोखीम सगळ्यांत खालच्या माणसाने भरली.

मी तेव्हा नववीत होतो, भाईजान दहावी पास झाला होता, माझ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी. एका रात्री अब्बा आणि अम्मी हळू आवाजात बोलत होते. सकाळी भाईजान म्हणाला, “तू पढ. मैं जाता गाडी पे.” तो दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून गेला. माझं बी. एड. त्या वाक्यावर झालं आहे.

उचलणारा आणि चालवणारा

महाराष्ट्राला या बाबतीत एक गोष्ट अभिमानाने सांगता येते. पन्नासच्या दशकात पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगार संघटित केले. १९६९ साली राज्यात माथाडी कायदा झाला. पोतं उचलणाऱ्या माणसाला मंडळ मिळालं, नोंद मिळाली, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. ज्याचा एक मालक नाही, रोज वेगळ्या दुकानाचा माल उचलतो, त्यालाही कायद्याचं छत्र देता येतं, हे या राज्याने सगळ्या देशाला दाखवलं.

पण तेच पोतं हजार-दीड हजार किलोमीटर घेऊन जाणाऱ्या माणसाचं काय? त्याच्यासाठी १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम, मधे विश्रांती, सगळं लिहिलेलं. फक्त एक अट होती : ज्याच्याकडे पाच किंवा जास्त कामगार आहेत, त्यालाच हा कायदा लागू. आणि या देशातले बहुतेक ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे. म्हणजे कायदा होता, पण तो ज्याच्यासाठी केला तो माणूस बहुधा त्याच्या बाहेरच उभा. अब्बा स्वतः मालक आणि स्वतःच ड्रायव्हर. त्यांचे तास मोजणारं कोण?

गेल्या काही वर्षांत वाट पुन्हा सोपी झाली, हे मान्य करायला हवं. राज्यातल्या नगरपालिकांतली जकात १९९९ साली गेली, मुंबईचे जकात नाके जुलै २०१७मध्ये जीएसटीबरोबर बंद झाले. राज्यांच्या सीमेवरच्या विक्रीकराच्या चौक्या उठल्या. २०१० पासून नॅशनल परमिटला वर्षाकाठी एकच ठोक फी आली. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. एका अर्थाने सरकारने हुंडेकऱ्याचंच काम उचललं : अनेक नाक्यांऐवजी एक आकडा. गाडी आता पूर्वीपेक्षा कमी वेळ थांबते. पण १८३८ साली जे झालं तेच पुन्हा होतं आहे. वाट सोपी झाल्याचा फायदा ज्याच्या हातात माल आहे त्याला आधी मिळतो, आणि भाडं खाली येतं. थांबण्याचा वेळ रस्त्यावर वाचला, तो गोदामाच्या फाटकावर जातो. माल उतरवून घ्यायला दोन दिवस लागले तर त्या दोन दिवसांचे पैसे मागायची हिंमत एक गाडीवाल्यात नसते. पुढची खेप कोण देणार?

ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. चांगलं झालं. नागपूरच्या मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांना विचारा. पण रस्त्यावर आज धावणाऱ्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत.

आणि जानेवारी २०२४? नव्या भारतीय न्याय संहितेत, अपघातात मृत्यू झाला आणि ड्रायव्हर कळवल्याशिवाय पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं कलम आलं. ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. शिक्षकांच्या खोलीत चर्चा सुरू झाली, “माणूस मारायचा आणि पळायचं, वर संप!” मी गप्प बसलो. रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या घरच्यांचं दुःख खरं आहे, त्याला न्याय हवाच. पण अपघातानंतर जमलेला जमाव ड्रायव्हरचं काय करतो, तेही मला माहीत आहे. भाईजानच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. तेव्हा चूक त्याची नव्हती, मोटारसायकल उलट्या बाजूने आली होती. तो पळाला नाही, जखमीला उचलायला खाली उतरला होता. पुढे ते कलम लागू करणं सरकारने थांबवलं. पण पळणारा का पळतो, हा प्रश्न तिथेच राहिला.

एक ओळ

बंजाऱ्याने जोखीम स्वतः घेतली, कारण माल त्याचा होता. हुंडेकऱ्याने जोखीम घेतली आणि तिची किंमत वसूल केली. त्याच्या ठोक आकड्यात ती धरलेली असायची. आजच्या साखळीत व्यापारी आहे, ट्रान्सपोर्ट कंपनी आहे, दलाल आहे, फायनान्स आहे, विमा आहे. प्रत्येक जण आपल्या वाट्याची जोखीम खालच्याकडे सरकवतो, आणि प्रत्येक वेळी भाडं मात्र थोडं थोडं वरच राहतं. ज्याला जोखमीची किंमत मिळते तो ती उचलत नाही, आणि जो उचलतो त्याला तिची किंमत मिळत नाही. या धंद्याचं खरं दुखणं मला इथे दिसतं.

उपायही नवे शोधायला नकोत. माथाडीचं उदाहरण आपल्याच घरात आहे. मालाच्या खेपेमागे ठरावीक रक्कम जमा करणारं मंडळ ड्रायव्हरसाठी का होऊ नये? एक-दोन गाडीवाल्यांनी मिळून सहकारी तत्त्वावर परतीचा माल का लावू नये? ज्या नगर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला, तिथे हे अशक्य म्हणायला मी तयार नाही. आणि आपल्या समाजात या धंद्यात इतकी माणसं आहेत, तर १९६५-७०च्या ट्रकच्या गोष्टी सांगत बसण्यापेक्षा बिल्टीवर काय छापलं आहे आणि २००७चा कायदा काय म्हणतो, हे मोहल्ल्यातल्या एखाद्या वकिलाने एका जुम्म्याला नमाजनंतर समजावून सांगावं. अब्बांच्या वेळी असं कुणी असतं तर त्या तीन खेपांचे पैसे कदाचित कापले गेले नसते.

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे वडील ट्रकवर आहेत. गणितात हुशार, मराठीचं वाचन स्वच्छ. गेल्या महिन्यात तो आठ दिवस आला नाही. आल्यावर विचारलं तर म्हणाला, “सर, अब्बांसोबत गेलो होतो. क्लीनर सुट्टीवर होता.” मी रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी अब्बांची एक बिल्टी घेऊन वर्गात गेलो आणि त्यालाच मोठ्याने वाचायला सांगितली. नग, वजन, भाडं, ॲडव्हान्स, बाकी. सगळे शब्द त्याला पाठ होते. शेवटच्या ओळीपाशी तो थांबला.

“सर, मालक म्हणजे गाडीचा की मालाचा?”

तीस वर्षांपूर्वी आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारला नाही. मी त्याला फळ्यापाशी बोलावलं, हातात खडू दिला आणि म्हणालो, “लिही. आज आपण हाच धडा घेऊ.”